बिजलीवाला जावई नको

आमच्या घरी विजेचं बिल आलं की आई आधी गॅस बंद करायची. पुढचा अर्धा तास बाबांकडे लक्ष द्यावं लागणार आणि भाजी करपणार, हे तिला अनुभवानं ठाऊक. बाबा चष्मा लावून दारातच उभे राहत आणि बिल मोठ्यानं वाचत. घराला तर ऐकू जाईच, गल्लीलाही कळे. स्थिर आकार, वीज आकार, इथपर्यंत आवाज ठीक असायचा. वहन आकार आला की बाबा पेटायचे.

"वहन आकार! म्हणजे तारेतून आणून द्याचं भाडं! उद्या भाजीवाली म्हणन, वांग्याचे वेगळे अन् टोपलीचे वेगळे. द्याल तिले?"

"मले काऊन विचारता? मी का तार ओढली?" आई म्हणायची.

"कोळसा आपल्या जिल्ह्यातला, धूर आपल्या नाकात, ऊन आपल्या टाळक्यावर, अन् भाडं बी आपल्याकूनच!"

बाबा भद्रावतीच्या फॅक्टरीत फिटर होते. सारी नोकरी केसाएवढी मापं धरण्यात गेली. निवृत्त होऊन गोंडपिपरीला आलो, स्वतःचं घर बांधलं, आणि पहिल्यांदाच दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवायची वेळ आली. तो त्यांना ठेवता आला नाही. मीटर जोरात पळते, हे त्यांचं ठाम मत. पंखा बंद करून मीटरसमोर स्टूल टाकून बसत आणि त्यातला लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजत. चहा तिथेच न्यावा लागे.

आणि त्यांचे अर्ज! दर महिन्याला बिजली ऑफिसात एक अर्ज जायचाच. तो टाइप कोण करणार? मी. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, तेही नेमकं बिजली ऑफिसच्या समोर. बाबा खुर्चीवर बसून सांगत, मी टाइप करत असे आणि मधेच एखादं वाक्य आपल्या मनानं घुसडत असे. तेवढीच मजा. एकदा मी लिहिलं होतं, 'आपले कार्यालय उजेड पाडण्यासाठी आहे की उजेडाचे तोंड पाहण्यासाठी जनतेला तिष्ठत ठेवण्यासाठी, याचा खुलासा व्हावा.' बाबांना ते इतकं आवडलं की त्यांनी दोन प्रती काढायला लावल्या.

त्यानंतर आठवड्याभरानं एक लाइनमन दुकानात आला. आईच्या दवाखान्याचे कागद झेरॉक्स करायचे होते. नुकताच खांबावरून उतरलेला, मानेवर दुपट्टा, हाताला ग्रीस. कागदांची घडी घालताना म्हणाला, "ते अर्ज तुम्ही टाइप करता काय?"

"कोणते?" मी साळसूदपणे विचारलं.

"तेच, उजेडाच्या तोंडाचे. आमचे साहेब मोठ्यानं वाचून दाखवतात. आम्ही पुढच्या अर्जाची वाट पाहून राह्यलो."

आता तुम्हीच सांगा, माझ्या लिहिण्याला आयुष्यात पहिला वाचक मिळाला, तो समोर उभा, आणि हसला की गालाला खळी पडते. माणसानं काय करावं? मी त्याच्याकडून झेरॉक्सचे पैसे घ्यायचेच विसरले. त्यानं परत येऊन दिले. मग रोजच कसला ना कसला कागद निघायला लागला. एवढे कागद त्या माणसाजवळ होते कुठून, देव जाणे. एकदा तर रेशनकार्डाची मागची कोरी बाजू झेरॉक्स करून घेऊन गेला.

तो आलापल्लीचा. वडील नाहीत, आई आणि तो. स्वभावानं शांत, बोलायला मोजका, पण बोलला की नेमकं. वर्षभरात आमचं ठरलं. बाकी सगळं जुळत होतं. अडचण एकच होती, आणि ती दर महिन्याला दारात उभी राहून बिल वाचत होती.

मी अंदाज घ्यायला म्हणून एकदा जेवताना सहज म्हटलं, "बाबा, बिजली ऑफिसातल्या नोकऱ्या आजकाल चांगल्या झाल्या म्हणतात."

बाबांचा घास हातातच राहिला. "मास्तर चालन, कंडक्टर चालन, दुकानदार चालन. पण खांबावरचा माणूस माह्या उंबऱ्यात जावई म्हणून येणार नाई. लिहून ठेव!"

मी ठेवलं नाही, पण कळलं. पळून जाणाऱ्यांतली मी नव्हे. बाबांच्या डोळ्याला डोळा भिडवून लग्न करायचं होतं मला. त्यालाही तसंच. "तुमच्या बाबांनी हो म्हटलं तं हो," तो म्हणाला, "चोरून वीज बी नाई अन् चोरून लगन बी नाई." इतक्या गंभीर प्रसंगी मला हसू फुटलं. पण त्याची आई घायकुतीला आली होती. अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, काय ते सांगा, नाहीतर तिच्या बहिणीनं पाहिलेल्या मुलीकडे ती शब्द टाकणार होती. अखजीला चार-पाच महिने होते.

आणि बाबांनी नेमकं तेव्हाच वीजवाला बदलायचं ठरवलं.

गावात सोलरच्या प्लेटा बसायला लागल्या होत्या. बाबांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. म्हणाले, "आता आपला वीजवाला सूर्य! त्याले ना साहेब, ना बाबू, ना वहन आकार."

"अन् ऑफिसचं काय?" आईनं विचारलं.

"काडीमोड!"

लागोपाठ तीन सोलरवाले घरी आले. मला पाहायला आलेल्या मुलांना बाबांनी दोनच प्रश्न विचारले होते, शेती किती आणि पितो का. सोलरवाल्यांना मात्र त्यांनी सोलून काढलं. "पंचवीस वर्षांची गॅरंटी देता, तुम्ही स्वतः असान का तवापर्यंत?" "प्लेटेवर माकड बसलं तं कोणाची जबाबदारी?" पहिल्यानं माकडं बसतच नाहीत असं सांगितलं, त्याला चहासुद्धा मिळाला नाही. दुसरा म्हणाला बिल कायमचं शून्य. बाबांनी त्याला दारापर्यंत पोचवलं. तिसरा हडकुळा पोरगा घाबरत म्हणाला, "काका, ढग आले तं वीज कमी होते, अन् प्लेट पुसा लागते." बाबा खूश. "हा एकटा खरं बोलला. याले द्या काम."

प्लेटा बसल्या. आईनं प्रत्येक प्लेटेला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, झेंडूचे हार घातले. शेजारची चाची, म्हणजे आमच्या गल्लीतल्या टेलरची बायको, खीर घेऊन आली. सगळा थाट झाला, आणि मग त्या हडकुळ्या पोरानं हळूच सांगितलं की नवं मीटर लागेल, दोन्हीकडून मोजणारं, आणि ते लावायला बिजली ऑफिसचा माणूस येईल.

बाबांच्या चेहऱ्यावरचा झेंडू उतरला. "सूर्य माहा, गच्ची माही, अन् मीटर त्याईचंच?"

"लाइन तं त्याईचीच राहते काका. आपली जास्तीची वीज त्याईले जाते, रात्री त्याईची आपल्याले येते."

"म्हणजे काडीमोड नाई."

"नाई काका. एकत्रच राहा लागते."

मीटर लावायला कोण आलं असेल? तोच! माझ्या हातातून पाण्याचा गडवा सांडला. बाबा त्याच्या डोक्यावर उभे. "सरळ लाव. वाकडं लावशीन तं वाकडंच मोजन." तो "हो काका" म्हणे आणि स्क्रू पिळे. बाबांनी त्याला पाणी दिलं, कारण चंद्रपूरच्या उन्हात दुश्मनालाही पाणी देतात. चहा मात्र दिला नाही. मी खिडकीतून पाहत होते आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसत होते. रडूही येत होतं. त्या दिवसांत माझं असंच चाललं होतं.

मग एका दुपारी लाइन गेली. बाबांनी गल्लीत उभं राहून हाळी दिली, "या रे, पंख्याखाली बसा! आपली लाइन वेगळी आहे!" चाची आली, मास्तर आले, किराणावाला आला. आत पाहतो तर पंखा बंद! ऑफिसची लाइन गेली की सोलरही आपोआप थांबते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला आपल्या विजेचा झटका बसेल, हे बाबांना कोणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल, त्यांनी ऐकलं नसेल. "सूर्य डोक्यावर तळपून राह्यला अन् पंखा बंद!" बाबा घामाघूम होऊन ओरडत होते आणि चाची पदरानं वारा घेत म्हणत होती, "भाऊजी, सूरज को भी आफिसवालोंने मिला लिया."

तरी पहिलं बिल आलं ते इवलंसं. बाबांनी ते गल्लीभर नाचवलं, पेढे वाटले. दुसरं आलं ते त्याहून लहान. बाबा चक्क गाणं म्हणायला लागले आणि मला वाटलं, हाच मोका, आता सांगून टाकावं. मी तोंड उघडणार तोच तिसरं बिल आलं.

भरघोस. पूर्वीसारखंच, दारात उभं राहून वाचावं असं.

बाबांनी ते मनातल्या मनात वाचलं. ते जास्त भयंकर होतं. मग थंड आवाजात म्हणाले, "चल दुकानात. अर्ज." आणि खुर्चीवर बसून सांगायला लागले की मीटर बसवणाऱ्या लाइनमननं त्यात हात मारला आहे, त्याची चौकशी करावी, पंचांसमक्ष तपासणी करावी, आणि दोषी आढळल्यास त्याला कामावरून काढावं.

माझी बोटं थांबली.

"टाइप कर न!"

मी टाइप केलं. काय करणार होते? संध्याकाळी तो आला तेव्हा मी त्याला पडद्यावर अर्ज दाखवला. त्यानं शांतपणे वाचला. "मीटर बरोबर आहे," म्हणाला, "पण युनिट कमी बनून राह्यले, हे बी खरं आहे. काहीतरी आहे." अखजीला आठ दिवस राहिले होते. मी ढसाढसा रडले आणि त्यानं मला हसवायला रेशनकार्ड बाहेर काढलं. मी ते फेकून मारलं.

तपासणीचा दिवस उजाडला. दुपारी बाराचं ऊन, कावळासुद्धा सावली धरून बसलेला. इंजिनिअर साहेब त्यालाही घेऊन आले आणि थेट ओसरीत पंख्याखाली बसले आणि आईनं दिलेली आंबील प्यायला लागले. पंच म्हणून मास्तर आणि किराणावाला. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातलेला. त्यांचे गुडघे धरलेले, घर बांधल्यापासून ते गच्चीवर चढले नव्हते. गच्ची बायकांची. म्हणून वर गेला तो एकटाच, डोक्यावर हेल्मेट, मानेवर दुपट्टा.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"काय आहे रे वर?" बाबा ओरडले.

त्याचं डोकं कठड्यावर दिसलं. त्यानं खाली पाहिलं, आधी बाबांकडे, मग दारात उभ्या आईकडे. काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"सावली आहे, काका," तो म्हणाला.

आईनं तोंडावर हात मारून घेतला. आणि माझ्या टाळक्यात तेव्हा, अगदी त्या क्षणी, लख्ख उजाडलं. अरे देवा! कुरड्या!

सांगते. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे वाळवणाचे दिवस. गच्चीवर दरवर्षी मुंग्या येतात, खारी येतात, फरशीची धूळ लागते. आणि या वर्षी देवानंच पाठवल्यासारख्या आठ प्लेटा होत्या, स्वच्छ, उंचावर, उताराच्या आणि तव्यासारख्या गरम. आईनं कुरड्या अर्ध्या वाळल्या की उचलून प्लेटांवर मांडल्या. दुपारपर्यंत खडखडीत! तिनं चाचीला सांगितलं. चाचीनं शेवया आणल्या. मग मूगवड्या. अर्धी गल्ली आमच्या सोलरवर वाळत होती, आणि उरलेली अर्धी नंबर लावून होती. त्यातल्या निम्म्या कुरड्या मी स्वतः पसरल्या होत्या, बरं का! बारावी सायन्स झालेल्या बाईनं! आईचं म्हणणं होतं, प्लेट तापते म्हणजे चालते, ऊन तिलाही मिळते आणि कुरडीलाही मिळते, भांडण कशाचं. मला ते पटलं होतं.

तो खाली आला, बोडक्या डोक्यानं. "काढली सावली. आता मीटर पाहा." सगळे मीटरपाशी गेले. आपल्याकडून जाणाऱ्या विजेचा आकडा चांगला सरसर पुढे जात होता. "एका प्लेटेवर सावली पडली तं सारी लाइनच ढेपाळते," त्यानं सांगितलं.

"पण कशाची सावली?" बाबा म्हणाले. "झाड नाई, टाकी नाई, समोर बिल्डिंग नाई."

"घरचीच होती. आता नाई."

इंजिनिअर साहेबांनी पेन काढलं. "काय होतं ते नीट सांग. तक्रार तुझ्यावर आहे, तुझी नोकरी आहे. पंचनाम्यात लिहावं लागेल."

आई दाराला धरून उभी होती. सगळ्या गल्लीसमोर तिचं नाव निघणार होतं, आणि बाबांचं हसं होणार होतं, कुरड्या वाळवून ऑफिसला चोर म्हणणारा माणूस म्हणून. त्यानं आईकडे एकदा पाहिलं.

"साहेब, सावली लिहा," तो म्हणाला. "तेवढंच लिहा."

बाबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग जिन्याकडे वळले. "अहो गुडघे!" आई ओरडली. बाबा एक एक पायरी चढायला लागले. मी मागून धावले, त्यांच्या कमरेला हात लावून वर नेलं.

गच्चीवर प्लेटा चकचकीत, पाण्यानं पुसलेल्या. काचेवर कुठे कुठे कुरडीची पांढरी कडी उमटलेली. आणि कठड्याच्या सावलीत एक दुपट्टा अंथरलेला. त्यावर कुरड्या, एकीवर एक नाही, ओळीनं मांडलेल्या, एकही मोडलेली नाही. शेवयांची जुडी वेगळी, मूगवड्या वेगळ्या. वाऱ्यानं दुपट्टा उडू नये म्हणून एका टोकावर त्याचं पिवळं हेल्मेट ठेवलेलं.

बाबा दुपट्ट्याजवळ गेले. फिटरची नजर ती, प्रत्येक ओळीवरून फिरली. मग म्हणाले, "दुपट्टा त्याचाच काय?"

"हो. मीच तर घेतला होता चंद्रपूरहून, त्याच्या वाढदिव..."

मी जीभ चावली. पण सुटलेला शब्द कुठे परत येतो?

बाबा हळूच माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"म्हणूनच," बाबा म्हणाले. "मी सांगतो 'लाइनमन चोर', अन् तू टाइप करतं 'संबंधित कर्मचारी'. मले का वाचता येत नाई?"

मी रडायलाच लागले. "बाबा, मी तुमच्या मनाविरुद्ध नाई करणार. पण मले तोच पाहिजे."

"कवापासून?"

"वर्ष झालं."

"अन् त्यानं मले सांगतलं काऊन नाई?"

"तुम्ही त्याले चहा बी नाई देला!"

बाबा वाकले, गुडघ्यावर हात दाबत, आणि त्यांनी एक कुरडी उचलली. उलटी केली, सुलटी केली. जागच्या जागी परत ठेवली. "खोटं बोलून मीटर खराब आहे म्हणाला असता, तं मी खूश झालो असतो," ते स्वतःशीच म्हणाले. "खरं सांगून टाकलं असतं, तं त्याची नोकरी वाचली असती अन् तुह्या आईचं नाक गेलं असतं." त्यांनी नाक पुसलं. घाम होता की काय, मी विचारलं नाही.

मग ते कठड्याशी गेले. खाली साहेब, मास्तर, किराणावाला, आई, चाची, आणि गल्लीतली मिळतील तेवढी माणसं मान वर करून उभी. बाबांनी दोन्ही हात कठड्यावर टेकवले आणि बिल वाचायच्या त्याच आवाजात ओरडले:

"मीटर बरोबर आहे! चूक माह्या घरची आहे! साहेब, माहा अर्ज फाडा!"

वर्षानुवर्षं त्या माणसाच्या तोंडून बिजली ऑफिसबद्दल एक बरा शब्द कोणी ऐकला नव्हता. चाचीचा हात शेवयांच्या काळजीनं छातीवर गेला. आई पदरात तोंड लपवून हसत होती की रडत होती, वरून दिसलं नाही.

तो भिंतीपाशी उभा होता, डोळ्यांवर हात धरून वर पाहत. बाबांनी त्याच्याकडे बोट केलं.

"अन् तुम्ही! हेल्मेट राह्यलं तुमचं वरतं."

"घ्याले येतो काका," तो जिन्याकडे निघाला.

"आज नाई," बाबा म्हणाले. पहिल्यांदाच ते त्याला तुम्ही म्हणत होते. "रविवारी या. चहाले. आलापल्लीहून तुमच्या आईले घेऊन या."